मला डास चावत नसत

मला डास चावत नाहीत, ही आमच्या घरी पाहुण्यांना सांगायची गोष्ट होती. कुणाचा मुलगा परदेशात असतो, कुणाच्या दारी हापूसचं झाड असतं, आमच्याकडे मी होते. संध्याकाळी परसदारी बसलेली सगळी मंडळी पाय झाडायची, टाळ्या वाजवायची, आणि मी बाह्या वर सरसावून आरामात वालाच्या शेंगा सोलत बसायची. सासूबाई म्हणायच्या, "हिचं रक्तच कडू असणार. जीभ बघा ना." मी त्यावर आणखी कडू उत्तर द्यायची आणि डास बिचारे त्यांच्याकडे जायचे.

गर्व होता मला, खोटं कशाला बोलू. त्यातून नोकरी आरोग्यसेविकेची. वसई पट्ट्यात अठ्ठावीस वर्षं मी घरोघरी जाऊन लोकांच्या पिंपात बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधल्या. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासा, कुंडीखालची ताटली पुसा, बावखलात गप्पी मासे सोडा. बावखल म्हणजे आमच्याकडे वाडीतलं छोटं तळं, केळीला आणि सोनचाफ्याला पाणी त्यातलंच. मला लांबून येताना बघून बायका घाईघाईने पिंपावर झाकणं टाकायच्या. माझ्या माघारी मला 'डासवाली' म्हणायच्या, तेही मला ठाऊक होतं.

आणि देवाची करणी अशी की माझ्याच पोटी ओवी जन्मली. लग्नाच्या मांडवात एकच डास शिरला, तरी तो दोनशे माणसं सोडून ओवीला शोधून काढायचा. नऊ वर्षांची असताना तिला डेंगी झाला. प्लेटलेट इतक्या उतरल्या की हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सहा दिवस मी तिच्या उशाशी बसून होते. माझ्या अंगावर डास चावल्याची एक गांधी नव्हती आणि तिच्या अंगावर मोकळी जागा नव्हती. त्या सहा दिवसांत मला स्वतःची फार लाज वाटली. पुढे ती बरी झाली आणि माझी लाजही गेली.

ओवी अकरावीत होती तेव्हा, २०३६ साली, आमच्या वाडीत गंधदीप आले.

कंपनीची एक चुणचुणीत मुलगी आली होती बसवायला. तिने मला समजावलं ते असं. डास माणसाला शोधतो तो मुख्यतः वासाने. श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्याला लांबून कळतो, अंगाची ऊब जवळ आल्यावर कळते. पण शेजारी शेजारी बसलेल्या दोघांतल्या कुणाला चावायचं, ते तो कातडीच्या वासावरून ठरवतो. हा वास बराचसा आपला नसतोच. कातडीवर राहणारे जीवाणू आपला घाम आणि तेलकटपणा खातात, आणि त्यातून आंबूस वासाची आम्लं सुटतात. जसे जीवाणू तसा वास.

"प्रत्येकाचं विरजण वेगळं असतं, काकू," ती म्हणाली. "ओवीचं विरजण डासांना फार आवडतं. आपण तेच वापरायचं."

ओवीच्या दंडाला तिने दोन दिवस एक सुती पट्टी बांधून ठेवली. त्या पट्टीवरचे जीवाणू घेऊन गंधदीपातल्या डबीत वाढवले. कमरेएवढा खांब, अंगाएवढा गरम, माणसासारखा श्वास सोडणारा, आणि वास थेट ओवीचा. डासाला वाटायचं ओवीच उभी आहे. तो जवळ गेला की आतला पंखा त्याला ओढून घ्यायचा आणि खालच्या तबकात वाळवून टाकायचा. एकरभर वाडी, चार कोपऱ्यांत चार खांब. माझे यजमान हेमंत त्यांना 'थोरली, मधली, धाकटी आणि शेंडेफळ' म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक तबकात मूठमूठभर डास निघाले. त्या वर्षी खंडेनवमीला हेमंतनी पंप आणि फवारणी यंत्राबरोबर चारही खांबांना झेंडूची माळ घातली.

ओवी आयुष्यात पहिल्यांदा परसात बसून अभ्यास करायला लागली. मला त्या यंत्राला काय देऊ आणि काय नको असं झालं होतं.

दोन वर्षांनी ती मुलगी परत आली. म्हणाली, "काकू, पुस्तिकेत लिहिलंय ना, दर दोन वर्षांनी घरातल्या दुसऱ्या माणसाचा वास घालायचा. या वेळी तुमची पट्टी देता?"

मी हसले. "अगं, माझ्याकडे डास फिरकत नाहीत. माझा वास घालून काय डास हाकलायचेत?"

हेमंत म्हणाले, "चाललंय ते छान चाललंय. कशाला हात लावा?"

ती गेली. पुढे तिनेही विचारलं नाही. डास नाहीत म्हणून घरात मी कोरडा दिवसही पाळेनाशी झाले. बावखलातले गप्पी कधी बगळ्यांनी संपवले, ते बघितलंही नाही. गावाला शिकवत हिंडले आणि माझ्याच दिव्याखाली अंधार.

आठ वर्षं अशी सुखात गेली. ओवीचं लग्न झालं, ती पुण्याला गेली, आणि २०४६च्या पावसाळ्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात ठरलेलंच. पण तिच्या सासूबाई रोहिणीताई नको म्हणत होत्या. बाई वाईट नाही, उलट फार नीटस. म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे नवव्या मजल्यावर डास येत नाही. तुमची वाडी, तळं, झाडी. आणि ओवीला एकदा डेंगी होऊन गेलाय."

मी छाती काढून म्हटलं, "ताई, आमच्या परसात एक डास दाखवा, मी माझा हट्ट सोडते."

मग त्या तयार झाल्या. ओवीलाही आईकडेच यायचं होतं.

सिझेरियन झालं. ओवीला टाके, वर ताप. त्यामुळे बाळ आधी माझ्याच छातीशी आलं. मुलगी, चेंडूएवढं तोंड आणि भुवया वर करून बघण्याची तऱ्हा. बारशाला मनवा नाव ठेवलं, पण मी तिला ठमी म्हणायची.

न्हाऊ घालायला गावातली वत्सलाबाई ठरली होती. मी तिला तिसऱ्या दिवशीच नको म्हटलं. ओवी म्हणाली, "आई, तू किती करशील? कंबर धरेल तुझी."

"धरू दे. मला हिला माझ्याच हाताने माखायचंय. त्या कंपनीच्या मुलीने काय सांगितलं होतं आठवतं ना? बाळाच्या अंगावर ज्याचे हात फिरतात, त्याचे जीवाणू त्याला लागतात. तुझे लागले तर ही जन्मभर खाजवत बसेल. माझं विरजण लागू दे हिला."

ओवी हसली. "मग जीभ पण तुझीच लागेल."

"लागू दे की. कुणी चावणार नाही."

पाच महिने मी हा नेम केला. रोज सकाळी मागच्या पडवीत कोवळ्या उन्हात पाय पसरून बसायचं, पायांवर ठमीला पालथी घालायची, कोमट खोबरेल तेल, मग डाळीचं पीठ, मग ऊन पाणी. न्हाऊन झाली की माझ्या जुन्या साड्यांच्या गोधडीत गुंडाळायची. तिसऱ्या महिन्यापासून ओवीचं घरून काम सुरू झालं, मग दिवसभर ती माझ्याच खांद्यावर. तिला झोप यायची ती माझ्या मानेत नाक खुपसून. मला वाटायचं, मी या पोरीला अंगरखा शिवतेय, कुणाला न दिसणारा.

श्रावणात एका सकाळी कोपराला खाज आली. बघितलं तर लाल गांधी.

लोकांच्या अंगावर अशा हजारो बघितल्या होत्या मी. ती काय होती हे मला त्या क्षणी कळलं होतं, हे मी आज कबूल करते. तेव्हा म्हटलं घामोळं असेल. दुसऱ्या दिवशी घोट्यावर दोन. मग मानेवर. मी भर उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालायला लागले. हेमंतनी विचारलं तर म्हटलं, वयाने थंडी वाजते.

का लपवलं? रोहिणीताईंना शब्द दिला होता. सांगितलं असतं तर ओवी दुसऱ्या दिवशी ठमीला घेऊन पुण्याला गेली असती. आणि खरं सांगायचं तर, मला डास चावत नाहीत याशिवाय माझं वेगळेपण काय होतं? नोकरी संपली होती. ती एक गोष्ट उरली होती.

त्याच आठवड्यात हेमंतनी चारही तबकं उघडली. चारही रिकामी. त्यांनी त्याचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. "बघ वृषाली, एकही नाही. संपले डास."

"छान झालं," मी म्हटलं.

त्या दुपारी सगळे झोपल्यावर मी जुनी बॅटरी काढून वाडीत फिरले. केळीच्या बुंध्याशी टाकलेल्या करवंट्यांत पावसाचं पाणी होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. कुंडीच्या ताटलीत अळ्या, पंपाच्या झाकणात अळ्या. मी सगळं उपडं केलं. गुपचूप, आपल्याच वाडीत चोरासारखी. मनाला सांगितलं, झालं, निपटलं. जे आधीच पंख फुटून उडाले होते त्यांचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं मी.

तीन आठवडे गेले. सप्टेंबरातल्या एका सोमवारी ठमीचं अंग पुसताना कानामागे ओळीने तीन गांधी दिसल्या.

मी त्यावर खोबरेल लावलं आणि टोपडं बांधलं. ओवी आत मीटिंगमध्ये होती. तिला मी काही बोलले नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. रोज सकाळी माखताना मी त्या पोरीचं अंग इंच इंच बघायची आणि रोज एखादी नवी गांधी सापडायची. शेगडीत धुरी टाकायची, दारं लावायची, पंखा जोरात ठेवायची. सांगायला तोंड उघडायची आणि "चहा घेतेस का?" विचारायची.

शनिवारी ठमी तापली.

एक तासही थांबले नाही मी. हेमंतनी गाडी काढली, ठमी ओवीच्या मांडीवर. दवाखान्यात डॉक्टर अजून स्टेथोस्कोप लावत होते तोवर मी म्हटलं, "डेंगीची तपासणी करा. आधी तीच करा."

ओवीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तुला कसं माहीत?"

तिने माझा हात धरला आणि बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत नव्या-जुन्या गांधी. डॉक्टरही बघत राहिले.

"कधीपासून?"

"तीन-चार आठवडे."

"आणि ठमीला?"

"सोमवारपासून."

ओवी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "आई, तू लोकांच्या पिंपात डोकवायचीस ना गं?"

तपासणीत डेंगीच निघाला. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून समजावलं. आईला पूर्वी डेंगी झालेला असला की तिच्या रक्तातली प्रतिद्रव्यं गर्भातच बाळाकडे येतात. पहिले काही महिने ती राखण करतात. पण पाच-सहा महिन्यांनी ती इतकी विरळ होतात की विषाणूला रोखू शकत नाहीत, उलट त्याला पेशीत शिरायला वाट करून देतात. नेमकं त्याच वयात ठमीला डास चावला होता. "पुढचे चार दिवस महत्त्वाचे," ते म्हणाले.

त्या चार दिवसांत पाऊण मुठीएवढ्या त्या हाताला सलाइन लावलेलं मी बघितलं. पोट फुगलं, पाय गार पडले, प्लेटलेट उतरत गेल्या. ती ओवीकडे थांबेना, नर्सकडे थांबेना. रडून रडून निळी व्हायची. शेवटी नर्सच बाहेर आली. "आजी कुठेयत? द्या त्यांच्याकडे."

मी आत गेले, तिला घेतलं. तिने माझ्या मानेत नाक खुपसलं आणि दोन मिनिटांत गप्प झाली. ओवी भिंतीला टेकून बघत होती. तिच्या तोंडावर जे होतं ते राग होता की मत्सर की नुसता थकवा, मला सांगता येणार नाही. मला मात्र त्या अवस्थेतही बरं वाटलं होतं, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पाचव्या दिवशी प्लेटलेट वर चढल्या. पाय उबदार झाले. रोहिणीताई पुण्याहून येऊन बसल्या होत्या, त्यांनी माझा हात दाबला. एका शब्दाने त्यांनी मला माझा शब्द आठवून दिला नाही.

ठमी दवाखान्यातच होती तेव्हा डॉ. रीमा तुस्कानो आमच्या वाडीवर आल्या. डासांवर संशोधन करणाऱ्या, आमच्याच वसईच्या. ओवीनेच त्यांना शोधून बोलावलं होतं. दोन दिवस त्या परसात जाळी घेऊन फिरल्या आणि वीस माद्या पकडून आणल्या, कारण चावते ती मादीच. मग पडवीत टेबलावर त्यांनी एक काचेची नळी मांडली. एका टोकाला डास, आणि पुढे जाऊन नळीला दोन फाटे. एका फाट्याच्या तोंडाशी जाळीपलीकडे ओवीने हात धरायचा, दुसऱ्याशी मी.

झडप उघडली. डास थोडे घुटमळले आणि माझ्याकडे वळले. एक, दोन, पाच. शेवटी सतरा माझ्या जाळीवर येऊन बसले आणि तीन जागचे हलले नाहीत. ओवीकडे एकही गेला नाही. जिला शोधत डास मांडवभर फिरायचे, त्या माझ्या ओवीकडे.

"आता तुम्ही बाजूला व्हा, काकू," बाई म्हणाल्या. माझ्या जागी त्यांनी चिमट्याने ठमीची टोपी ठेवली, दवाखान्यातून आणलेली, न धुतलेली. डास टोपीवर जाऊन बसले.

मग मीच विचारलं, "पडवळाचं बी राखतो तसं झालं का हे?"

"म्हणजे?"

"चांगलं लांब पडवळ बियाला ठेवायचं, आखूड खाऊन टाकायचं. दहा वर्षांनी वाडीत सगळी लांबच."

"तसंच, काकू," त्या म्हणाल्या. "डासाची पिढी दोन-तीन आठवड्यांची. अकरा वर्षांत दीड-दोनशे पिढ्या. ज्यांना ओवीचा वास आवडायचा ते अंडी घालायच्या आधीच खांबात गेले. ज्यांच्या नाकाला तो वास आवडत नव्हता, ते उरले. त्यांचीच पोरं, नातवंडं, पतवंडं. आणि हा डास फार लांब उडत नाही, दोनशे पावलांत जन्मतो आणि मरतो. तुम्ही डास संपवले नाहीत. तुमच्या वाडीपुरती एक नवी जात निवडली."

"जिला मी आवडते."

"हो. आणि ठमीच्या अंगावर आज ओवीपेक्षा तुमचेच जीवाणू जास्त आहेत."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पाच महिने रोज सकाळी उन्हात बसून मी तिला काय माखत होते, ते मला त्या पडवीत कळलं.

उपाय त्यांनी दोन सांगितले. पहिला, मी ठमीला हात लावायचा नाही. लहान बाळाच्या कातडीवरची वस्ती अजून पक्की झालेली नसते. चार-पाच महिने फक्त ओवीने न्हाऊ घातलं, ओवीने जवळ घेतलं, तर तिचं विरजण लागेल. दुसरा उपाय कंपनीचा: चारही खांबांतली डबी बदलायची आणि आता माझा वास घालायचा.

हेमंत लगेच म्हणाले, "दे ना पट्टी. तुझा त्रास तरी जाईल."

"आणि दहा वर्षांनी?" मी विचारलं. "मला आवडणारे सगळे मेले की मग कुणाला आवडणारे उरतील? परत ओवी. आणि तोवर ठमीला ओवीचंच विरजण लागलेलं असेल. अकरा वर्षांच्या पोरीमागे डास लावायचेत का मी?"

"दर दोन वर्षांनी बदलू. आता पुस्तिकेप्रमाणे करू."

"आपण? पुस्तिकेप्रमाणे?"

तुस्कानोबाईंना मी विचारलं, खांब बंद ठेवले आणि डासांना माझाच वास आवडत राहिला, तर ओवी आणि ठमी या परसात किती सुरक्षित? म्हणाल्या, "खात्री देता येत नाही. पण जवळ तुम्ही असाल तर त्यांच्याकडे वळायचं कारण कमी. तुम्हाला मात्र चावतील."

"इतकी वर्षं लोकांना चावले," मी म्हटलं. "आता माझी पाळी."

ओवी दवाखान्यातूनच पुण्याला गेली. गाडीत सामान भरताना रोहिणीताईंनी पिशवीतून गोधडी काढून माझ्या हातात दिली. "ही इथे राहू दे, ताई," एवढंच म्हणाल्या. मी दहा पावलांवर उभी होते, चुकूनही हात लागू नये म्हणून. ठमी ओवीच्या खांद्यावरून माझ्याकडे हात पसरून रडत होती. गाडी वळेपर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं. ओवीने मागे बघितलं नाही.

मी दुसऱ्या दिवसापासून बॅटरी आणि पिशवी घेऊन बाहेर पडले. निवृत्त झाले तर झाले. माझ्यासारख्या वासाची माणसं दोनशे पावलांत आणखी असतील, त्यांचं काय? रोज एक घर, दर रविवारी आपल्या वाडीचा कोरडा दिवस, बावखलात पुन्हा गप्पी. पिंपावर झाकणं पुन्हा पडायला लागली. एक म्हातारी म्हणालीच, "डासवाली परत आली गं." म्हटलं, आले.

ओवी महिन्यातून एकदा ठमीची टोपी कुरिअरने पाठवायची, थेट तुस्कानोबाईंच्या प्रयोगशाळेत. सोबत चिठ्ठी नसायची. मी तिथे जाऊन बसायची. टोपीला हात लावायचा नाही, असा नियम. ऑक्टोबरात आमच्या वाडीतल्या वीस डासांतले चौदा टोपीकडे गेले. नोव्हेंबरात आठ. डिसेंबरात तीन. पोरगी माझ्यापासून किती दूर गेली, ते मला काचेच्या नळीत मोजून दाखवलं जात होतं, आणि दर महिन्याला मी देवाला म्हणायची, अजून कमी होऊ देत.

जानेवारीत एकही गेला नाही. टोपीच्या फाट्यात शुकशुकाट.

"अभिनंदन, काकू," तुस्कानोबाई म्हणाल्या.

मला रडू कोसळलं. चार महिने ज्यासाठी उपास केले तेच झालं होतं, आणि माझं त्या पोरीच्या अंगावर काही म्हणता काही उरलं नव्हतं. मला खरंच आनंद झाला होता आणि खरंच सहन होत नव्हतं.

मी ओवीला फोन लावला. बऱ्याच महिन्यांनी तिने माझा फोन पहिल्या रिंगला उचलला. निकाल तिला कळलाच होता. म्हटलं, "आणतेस का तिला? तासभर. बाबांना बघायचंय."

"आणि तू?"

"मी सोय केलीय."

सोय म्हणजे पडवीच्या एका टोकाला मी जाळीची खोली करून घेतली होती. चार बाजूंनी बारीक जाळी, आत एक खुर्ची. डास माझ्या वासाने इकडेच येतील आणि ठमीला माझा हात लागणार नाही. पूर्वी ओवीला परसात बसायचं असलं की मच्छरदाणीत बसवायची मी. आता परस तिचं आणि जाळी माझी. हेमंतना ते बघवेना. म्हणाले, "तुझ्या घरात तू पिंजऱ्यात?" म्हटलं, "चहा आणून द्या तेवढा."

फेब्रुवारीतल्या रविवारी, कोरड्या दिवशीच, ती सगळी आली. ऊन कललं होतं. मी आधीच जाळीत जाऊन बसले होते. ओवी परसदारात आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वाळलीस गं, आई." तेवढ्यावर माझे पाच महिने फिटले.

मग तिने ठमीला खाली ठेवलं. अकरा महिन्यांची झाली होती, रांगत होती, दिसेल ते धरून उभी राहत होती. सोनचाफ्याखाली पडलेलं फूल तिने उचललं, तोंडात घातलं, थुंकलं. खांबाला धरून उभी राहिली. तो बंद होता, थंड होता. मग आजोबांकडे गेली, मग परत आईकडे. उघडे हात, उघडे पाय. एक गांधी नाही. हेमंत दर दोन मिनिटांनी तिचे हात उलटेपालटे करून बघत होते.

रांगत रांगत ती पडवीत आली. माझ्याकडे तिने भुवया वर करून बघितलं, नव्या माणसाकडे बघतात तसं. ओळख नव्हती. तरी तिने जाळीची चौकट धरली, उठून उभी राहिली आणि तळवा जाळीवर टेकवला.

जाळीवर बाहेरून डास बसले होते, सात-आठ. माझ्या वासाने आलेले. कोरडा दिवस कितीही पाळला तरी थोडे उरतातच. तिच्या बोटांच्या शेजारीच ते जाळीत सोंडा घालत होते, आत माझ्याकडे यायला धडपडत होते. तिच्या हाताकडे एकही वळला नाही. ओवी धावत आली आणि मध्येच थांबली, तिनेही ते बघितलं.

"आई," ती म्हणाली, "लाव हात. जाळीतूनच. एवढ्याने काय होतंय?"

त्या चिमुकल्या तळव्यासमोर माझा हात आतून उठलाही होता. दोघींच्या मध्ये जाळीचा एक धागा. माझ्या तळव्याला तिची ऊब कळत होती.

"नको," मी म्हटलं, आणि हात मागे घेतला. "तिला परसात ने. अजून ऊन आहे."